पॅसिव्ह बेसमध्ये बसवलेला प्रीअँप: किनाऱ्यावरच्या नऊ महिन्यांचा अनुभव

माझा बेस, म्हणजे बेस गिटार, फेंडर कंपनीने १९६० साली आणलेल्या जॅझ बेसच्या धर्तीचा आहे. त्यात तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप, दोन व्हॉल्यूम आणि एक टोन एवढेच होते आणि बॅटरीचा संबंध नव्हता, म्हणूनच तो पॅसिव्ह. मालवण आणि आसपासच्या गावांत ऑर्केस्ट्राबरोबर मी तो दहा वर्षांहून अधिक काळ वाजवत आहे. गेल्या मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, मी त्यात दोन बँडचा म्हणजे बेस (खालची पट्टी) आणि ट्रेबल (वरची पट्टी) वेगवेगळे कमी-जास्त करता येणारा ॲक्टिव्ह प्रीअँप, म्हणजे सिग्नल सावरणारे बॅटरीवरचे छोटे सर्किट, बसवून घेतला. त्यानंतर नारळी पौर्णिमा, गणपती, नवरात्र आणि लग्नसराई या सगळ्यांत तो वाजला, म्हणून आता त्याविषयी खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

हा खर्च मी केला तो आवाज दणदणीत व्हावा म्हणून नव्हे. आपल्याकडच्या कार्यक्रमांत बेससाठी वेगळा अँप क्वचितच मिळतो. साऊंडवाले केबल घेतात आणि थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला लावतात. डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) मागितला तर बहुतेक वेळा तो कीबोर्डसाठी गेलेला असतो. बेसच्या अँपचा इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) साधारण दहा लाख ओहम असतो, तर मिक्सरच्या लाइन इनपुटचा दहा-वीस हजार ओहमच्या घरात असतो. माझ्या पिकअपच्या कॉइलचा नुसता रोध आठ हजार ओहमच्या आसपास आहे आणि इंडक्टन्समुळे वरच्या पट्टीत त्याचा इम्पिडन्स त्याच्या कितीतरी पट होतो. मिक्सरच्या इतक्या कमी इम्पिडन्सचा भार पिकअपवर पडल्यामुळे एक हजार हर्ट्झच्या वरचा आवाज, म्हणजे बोट तारेवर पडल्याचा तो टणक ठसा, मिक्सरपर्यंत पोहोचतच नसे. त्यातच मी ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या मागे उभा राहत असल्यामुळे केबल दहा मीटरची लागे. साध्या केबलची कपॅसिटन्स मीटरला शंभर पिकोफॅरडच्या आसपास धरली, तर दहा मीटरला ती हजारापर्यंत जाते आणि पिकअपचा रेझोनन्स (ज्या पट्टीत तो सर्वांत उठून वाजतो ती जागा) चार किलोहर्ट्झवरून अडीचच्या आसपास उतरतो. घरी तीन मीटरच्या केबलवर चोख वाजणारा बेस मंडपात गोधडीखाली ठेवल्यासारखा का वाटतो, याचे कारण मला बरीच वर्षे कळले नव्हते आणि त्या काळात मी विनाकारण तारा बदलत राहिलो.

प्रीअँप हे दुखणे मुळाशीच मिटवतो. पिकअपच्या लगेच पुढे तो बसतो, पिकअपवर भार येऊ देत नाही आणि बाहेर जाणारा सिग्नल इतक्या कमी इम्पिडन्सचा करतो की केबल लांब असली किंवा समोर मिक्सर असला तरी फारसे बिघडत नाही. म्युझिक मॅन कंपनीच्या १९७६ सालच्या स्टिंगरे बेसमध्ये तो कारखान्यातूनच बसवलेला येत असे, त्यामुळे ही कल्पना काही नवी नाही. माझ्या मते बेस आणि ट्रेबलचे नॉब हा त्यातला दुय्यम भाग आहे. दोन्ही मधोमध ठेवून वाजवले तरी पैसे वसूल झाल्यासारखे वाटते.

बसवण्याचे काम मी समजत होतो त्यापेक्षा नाजूक निघाले. नॉब बसवलेल्या जुन्या पत्र्यावर नवे भोक पाडायचे नाही असे मी ठरवले होते, म्हणून पहिल्या जागी व्हॉल्यूम, दुसऱ्या जागी दोन पिकअपचे मिश्रण करणारा ब्लेंड आणि तिसऱ्या जागी एकावर एक असे बेस-ट्रेबलचे जोडनॉब अशी मांडणी केली. पॉट (नॉबखालचे फिरते रोधक), सर्किट आणि वायरी आत बसल्यावर नऊ व्होल्टच्या बॅटरीला जागा उरेना. शेवटी सावंतवाडीला, लाकडी खेळणी करणाऱ्या घराण्यातल्या एका मेस्त्रींकडे गिटार नेली. पांगाऱ्याच्या मऊ लाकडावर हात बसलेला तो माणूस बराच वेळ बॉडी उलटसुलट करून टिचक्या मारत राहिला आणि म्हणाला, “कडेक किती लाकूड ठेवूचा ता आधी सांगा.” त्यांनी पाठीमागून पटाशीने कोरलेला कप्पा इतका नेमका आहे की बॅटरीचे झाकण बसवताना कुठेही कानस लावावी लागली नाही.

सोल्डरिंग मी स्वतः केले आणि पहिल्या रात्री पुरता निराश झालो. जॅक घातला की अखंड घूं ऐकू येई आणि तारांना हात लावला तरी ती कमी होत नसे. दोन तास प्रीअँपवर संशय घेतल्यानंतर लक्षात आले की ब्रिजकडून येणारी अर्थची वायर जुन्या टोनच्या पॉटच्या पाठीवर जोडलेली होती आणि पॉट काढताना ती लाकडाच्या भोकात मागे सरकली होती. ती ओढून नव्या पॉटच्या पाठीवर सोल्डर केल्याबरोबर आवाज शांत झाला. हे काम करणाऱ्याने जुने सोल्डर सोडवण्यापूर्वी आतल्या सगळ्या वायरींचा फोटो काढून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरा त्रास मात्र प्रीअँपने जाणार नव्हता आणि गेलाही नाही. एकच सिंगल कॉइल पिकअप पूर्ण उघडा ठेवला की जनरेटरच्या आणि लायटिंगच्या जवळ तो घुमतोच, आणि ट्रेबल वाढवला की ती घुमघुम ‘सूं’ अशा आवाजासकट पुढे येते. कप्प्याला आतून कॉपर टेप लावल्याने खरखर बरीच कमी झाली, पण मूळ घुमघुम दोन्ही पिकअप सारखे ठेवल्यावरच जाते. म्हणून ब्लेंड मी मधोमध ठेवतो.

बेसचा नॉब वाढवण्याचा मोह पहिल्या महिन्यात मलाही आवरला नाही. माझ्या प्रीअँपचा बेस चाळीस हर्ट्झच्या आसपास वाढतो आणि मोकळी ई तार ४१ हर्ट्झची आहे, त्यामुळे नॉब थोडा फिरवला तरी मंडपातले बॉक्स थरथरू लागतात आणि ढोलकीचा धुमा (खर्जाची बाजू) त्यात बुडतो. आता मी बेस मधोमध आणि ट्रेबल जेमतेम वर ठेवतो. गणपतीच्या पहिल्याच कार्यक्रमात आमच्या ढोलकीवाल्या दादांनी मध्यंतरात विचारले की आज बेसचे सूर सुटे सुटे कसे ऐकू येतात. साऊंड तोच होता आणि केबलही तीच होती.

बॅटरीने मला एकदा भर कार्यक्रमात दगा दिला. नारळी पौर्णिमेला तिसऱ्या गाण्यात आवाज आधी फाटू लागला, मग खोल गेला आणि कडव्याच्या मध्यावर बंदच पडला. चूक माझीच होती. या मांडणीत स्टिरिओ जॅक वापरतात. बॅटरीची ऋण वायर त्याच्या रिंगला (मधल्या जोडणीला) असते आणि साधा मोनो प्लग आत गेला की ती अर्थला टेकून सर्किट चालू होते. केबल काढली नाही तर ते चालूच राहते. मल्टिमीटरवर माझा प्रीअँप ०.६ मिलीअँपिअर घेतो, म्हणजे पाचशे मिलीअँपिअर-तासांची अल्कलाइन बॅटरी आठशे तास पुरायला हवी; पण सराव संपवून बेस केबलसकट कोपऱ्यात उभा राहिला तर महिन्याभरातच ७२० तास सरतात. त्यानंतर मी व्हॉल्यूमच्या जागी पुश-पुल पॉट बसवला. तो वर ओढला की प्रीअँप वगळून पिकअप थेट जॅकला जोडले जातात आणि बॅटरी संपली तरी गाणे पूर्ण करता येते. ही सोय नसलेला प्रीअँप मी कुणाला घेऊ देणार नाही.

आपल्या हवेचा प्रश्न वेगळाच आहे. श्रावणात एकदा झाकण उघडले तेव्हा बॅटरीच्या क्लिपवर हिरवट कळंक चढला होता आणि जॅकच्या रिंगची पत्ती खरखरत होती. पॅसिव्ह बेसमध्ये अशी पत्ती थोडी खराब झाली तर आवाज कुरकुरतो; इथे तीच पत्ती वीज जोडते, त्यामुळे पूर्ण बेस बंद पडू शकतो. आता पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी क्लिप आणि जॅक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो, बॅटरीच्या कप्प्यात सिलिका जेलची पुडी ठेवतो आणि झिंक-कार्बनची स्वस्त बॅटरी वापरत नाही, कारण ती दमट हवेत लवकर गळते.

एक गोष्ट मात्र मी गमावली आणि तिची चुटपुट आहे. जुन्या चित्रपटगीतांसाठी मी टोन पूर्ण बंद करून वाजवत असे, ०.०४७ मायक्रोफॅरडचा तो कपॅसिटर वरचा सगळा आवाज गिळून एक गोल, जाड सूर देई. प्रीअँपचा ट्रेबल कितीही उतरवला तरी तो सूर येत नाही, कारण त्याने वरची पट्टी नुसती खाली जाते, पिकअपचा रेझोनन्स हलत नाही. म्हणून पत्र्यावरचा जॅक आता बॉडीच्या कडेला हलवून घेणार आहे आणि रिकाम्या होणाऱ्या भोकात जुना २५० किलोओहमचा टोन पॉट प्रीअँपच्या आधी बसवणार आहे. कपॅसिटर जपून ठेवलेला आहे आणि मेस्त्रींना मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो असे कळवले आहे.