पाचवीनंतर पोराला कुठं घालायचं? गावची शाळा, तालुक्याचं हायस्कूल की नवोदय

मार्च-एप्रिल आला की आमच्या शाळेच्या ओट्यावर पालक येऊन बसतात. "गुरुजी, पोराचं पुढं काय करू?" आमची जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंत आहे, म्हणजे ठेवायचं तर इथंही ठेवता येतं. पण शेजारच्याचं पोर तालुक्याला गेलं की आपलंही जावं असं वाटतंच. माझ्या घरात थोरला नवोदयला, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेला होता, धाकटी तालुक्याच्या हायस्कूलला, आणि मी स्वतः अठरा वर्षं या गावच्या शाळेत. त्यामुळे तिन्ही घरचं पाणी प्यायलोय.

दहावीच्या निकालाचा फलक बघून शाळा निवडू नका. सहावी ते आठवीचं वय अडनिडं असतं. आवाज फुटतो, मुलींची पाळी सुरू होते, गणितात अचानक अक्षरं येतात. मी पालकांना एकच विचारतो : तुमचं पोर चार दिवस गप्प राहिलं, तर ते त्या शाळेत पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येईल?

आमच्या शाळेत ते दुसऱ्याच दिवशी येतं. सातवीत अकरा मुलं आहेत. कुणी आलं नाही तर परिपाठ संपायच्या आत मला कारण कळलेलं असतं, बहुतेक वेळा त्याच्या चुलत भावाकडून. पुस्तकं, गणवेश फुकट, दुपारचा पोषण आहार आठवीपर्यंत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यात निम्म्या बाया. खिचडी पातळ झाली तर कुणाची आई थेट चुलीपाशी येऊन बोलते, आणि बोलावंच.

आता दुसरी बाजू. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला भाषा, गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्र यांना किमान एकेक शिक्षक हवा, आणि ३५ मुलांमागे एक शिक्षक. पण पदं पटावर, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या संख्येवर ठरतात. पट घसरला की पदवीधर शिक्षकाचं पद जातं, आणि उरलेला माणूस सहावी-सातवीचा जोडवर्ग घेऊन बसतो. त्यात माहिती भरा, बैठकीला जा, निवडणुकीचं काम करा. गप्प पोर आम्हाला दिसतं, पण हुशार पोराला द्यायला वेळ उरत नाही. ज्याला आपल्यापेक्षा वरचढ कुणी भेटलंच पाहिजे असं पोर आमच्याकडे सुस्तावतं. हे मी माझ्याच शाळेबद्दल सांगतोय.

तालुक्याच्या अनुदानित हायस्कुलात याच्या उलट. गणिताला गणिताचा माणूस, विज्ञानाला प्रयोगशाळा, मोठं मैदान, स्काउट, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेची तयारी. पाच-सहा गावांची मुलं एका वर्गात येतात, आणि आपल्या गावाबाहेरही जग आहे हे पोराला तिथं कळतं. पाठ्यपुस्तकं आणि आहार आठवीपर्यंत तिथंही मिळतो, गणवेश मात्र आपला आपण शिवायचा.

पण तुकडी साठ-पासष्टची. वर्गशिक्षक हजेरी घेतात, आपला एक तास घेतात आणि पुढच्या तुकडीवर जातात. दिवसभरात सात-आठ शिक्षक वर्गात येऊन जातात. प्रत्येकाला पोर पस्तीस मिनिटं दिसतं, अख्खं कुणालाच दिसत नाही. धाकटी सहावीत असताना दोन महिने शाळेत डबा उघडायचीच नाही. शाळेत कुणाला पत्ता नव्हता, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नव्हता, कारण डब्यातलं ती एसटीतून उतरायच्या आत कुणाला तरी देऊन टाकायची. सांगितलं ते तिच्यासोबत येणाऱ्या-जाणाऱ्या आमच्याच गावच्या आठवीतल्या पोरीनं. मधल्या सुट्टीत काही मुली तिच्या बोलण्याची नक्कल करत होत्या. वर्गशिक्षिकेला भेटलो, बाईंनी दोन दिवसांत जागा बदलली, विषय मिटला. बाई चांगल्याच होत्या, त्यांच्याकडे चौसष्ट पोरं होती एवढंच.

म्हणून हायस्कूल बघायला जाल तेव्हा तुकड्या कशा पाडतात ते विचारा. गुणांवर पाडत असतील तर 'ड' तुकडीत कोण शिकवतं तेही विचारा. आणि एसटीचं वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. मुलींना पास मोफत आहे, मुलांनाही सवलतीत मिळतो. पण शिष्यवृत्तीचा जादा तास शाळा सुटल्यावर असतो आणि आपली गाडी शाळा सुटल्यावर दहा मिनिटांनी असते. लांबच्या गावची निम्मी मुलं जादा तास बघतच नाहीत. त्यांना नंतर 'तयारी कमी पडली' म्हणतात.

नवोदयची घडी अगदी निराळी. १९८५-८६ मध्ये पहिली दोन विद्यालयं निघाली, हरियाणात झज्जरला आणि आपल्याकडे अमरावतीला. प्रवेश सहावीला. एका विद्यालयात साधारण ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी, आणि एक तृतीयांश मुलींसाठी. परीक्षा दोन तासांची : ८० प्रश्न, १०० गुण, त्यातले निम्मे गुण बुद्धिमत्तेच्या आकृत्यांना. ती एकदाच देता येते. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सगळं सरकारचं. नववीपासून महिन्याला ६०० रुपये विकास निधी असतो, तो मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. सरकारी नोकरदारांना जास्त.

तिथं पोर अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी यांपैकी एका सदनाचं, म्हणजे वसतिगृहातल्या गटाचं होतं. सदनाला हाऊस मास्टर असतो, आणि तोच सकाळी वर्गातही शिकवतो. पहाटे उठून कवायत, वर्ग, संध्याकाळी खेळ, मग देखरेखीखाली अभ्यास, रात्री हजेरी. पोर जेवलं का, झोपलं का, हे मोजलं जातं. मोजलं म्हणजे समजलं असं नव्हे. थोरल्याचं पहिल्या दिवाळीपर्यंत वजन उतरलं होतं, आणि पत्रात मात्र 'मी मजेत आहे' असायचं. त्याला सावरलं ते नववीतल्या एका दादानं. रात्री शेजारी बसून त्याच्याकडून पाढे म्हणवून घ्यायचा. सदनात वरच्या वर्गाचा मुलगा आधार होतो किंवा जाच होतो, आणि कुठला वाट्याला येईल ते नशीब. समुपदेशक आहे का, मुलींची देखभाल करणारी मेट्रन कोण, घरी बोलायला फोन कधी मिळतो, हे आधीच विचारा. विचारायला लाजू नका.

दोन गोष्टी पालकांना कुणी सांगत नाही. सातवी-आठवीपर्यंत मराठीचा आधार असतो, पुढं गणित-विज्ञान इंग्रजीतून. आणि नववीत तीसेक टक्के मुलं वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला जातात. माझा गेला होता. परत आला तेव्हा हिंदीत भांडायला लागला होता. शिवाय आठवीत परीक्षा देऊन मिळणारी एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती, म्हणजे नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, नवोदयच्या मुलांना नसते; साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातली, गावच्या किंवा अनुदानित शाळेतली मुलं ती परीक्षा देऊ शकतात.

एक खाचही सांगतो, यात दरवर्षी कुणीतरी अडकतं. चौथीपर्यंतच शाळा असलेल्या वाड्या-वस्त्यांवरचे पालक पाचवीला पोराला तालुक्याच्या शहरात घालतात आणि तिथून नवोदयचा अर्ज भरतात. तिसरी, चौथी, पाचवी यांतलं थोडंसुद्धा शिक्षण शहरी हद्दीतल्या शाळेत झालं तर ग्रामीण जागेवरचा हक्क जातो. नवोदय मनात असेल तर पाचवी आपल्याच जिल्ह्यातल्या ग्रामीण शाळेत काढा.

माझ्यापुरतं म्हणाल तर : दम्याचं, अंथरूण ओलं करणारं किंवा वडील नुकतेच गेलेलं पोर नवोदयला पाठवू नका, गुण कितीही पडोत. हट्टी, खेळकर, पटकन दोस्त करणारं पोर पाठवा. लाजऱ्या पण अभ्यासू मुलीला हायस्कूल चालेल, जर बरोबर येणारी मोठी मुलगी असेल. आणि ज्याचं वाचनच अजून अडतंय त्याला आणखी दोन वर्षं आमच्याकडे राहू द्या. साठांच्या तुकडीत ते वाचन सुधारायला थांबणार कोण?

यावर्षी पाचवीत नऊ जण आहेत. बोलायचं असेल तर दहाच्या आत या, नंतर माझा जोडवर्ग असतो.