पुशरॉडची लांबी: घासखूण की प्रीलोड?

पुशरॉड म्हणजे लिफ्टरची (कॅमवर टेकून वर-खाली होणारा भाग) हालचाल रॉकरपर्यंत नेणारा दांडा; रॉकर म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारी तरफ. पुशरॉडची लांबी मोजायला कुठली पद्धत वापरायची ते रॉकर ठरवतो.

रॉकर स्टडवर असेल आणि नटाने वर-खाली होत असेल, तर घासखूण (व्हॉल्व्हच्या टोकावर रॉकर घासून उमटणारा पट्टा) बघा. हेड नव्या गास्केटसह पूर्ण टॉर्कवर आवळा, तपासणीपुरत्या हलक्या स्प्रिंगा बसवा. खऱ्या स्प्रिंगखाली हायड्रॉलिक लिफ्टर दबतो आणि माप खोटं येतं, म्हणून सॉलिड लिफ्टर घ्या. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्कर लावा, ॲडजस्टेबल पुशरॉडने शून्य लॅश (ना फट, ना दाब) ठेवा, क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा. लांबी बदलत पुन्हा बघा. सर्वांत अरुंद पट्टा देणारी लांबी बरोबर. पट्टा मधोमध आणण्याच्या नादात रुंद होऊ देऊ नका: रुंद पट्टा म्हणजे जास्त घासणं, व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या गाइडवर आडवा दाब.

पेडेस्टलवर (हेडवरचा ठोकळा) पक्का बसणारा रॉकर असेल, तर रॉकरची भूमिती पेडेस्टलची उंची ठरवते. तिथे पुशरॉड फक्त प्रीलोड देतो, म्हणजे हायड्रॉलिक लिफ्टरचा आतला प्लंजर ठरावीक दाबून ठेवतो. लिफ्टर कॅमच्या बेस सर्कलवर (उंचवटा नसलेला गोल भाग) ठेवून, रॉकर पूर्ण टॉर्कवर आवळून शून्य लॅशची लांबी मोजा; त्यात लिफ्टर बनवणाऱ्याने सांगितलेला प्रीलोड मिळवा. प्रीलोड कमी पडला तर खडखड, फार झाला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही.

इथे घासखूण बिघडलेली दिसली, तर पुशरॉड बदलू नका, पेडेस्टलखाली शिम (पातळ पत्रा) घाला आणि लांबी नव्याने मोजा.