१९७२ची सी-१०, पोटात २००४चं इंजिन: वापरून झाल्यावर भाव कसा लावावा

गाडी शेव्हरोले सी-१०, अमेरिकन पिकअप ट्रक, १९७२चं मॉडेल, शॉर्टबेड, म्हणजे मागचा माल ठेवायचा हौदा आखूड. बॉनेटखाली मात्र शेव्हरोलेच्याच नव्या पिढीच्या पिकअपमधलं, २००४च्या सिल्व्हराडोमधलं ५.३ लिटरचं एलएम७, आठ सिलिंडरचं व्ही-८ आणि त्याच्यासोबतचाच ४एल६०ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मागणी होती ३२ हजार डॉलर, सौदा २६ हजारांवर ठरला. गेल्या उन्हाळ्यापासून वापरतोय. झाकून ठेवायला घेतली नव्हती. लाकूड, सिमेंट, कामावर जाणं-येणं, सगळं हिच्यावरच.

अशा गाड्यांच्या जाहिराती एकाच सुरात असतात. "एलएस स्वॅप केलाय, पंधरा हजार नुसते इंजिनावर घातलेत." एलएस स्वॅप म्हणजे जुनं इंजिन काढून जीएमच्या (जनरल मोटर्स, शेव्हरोलेची मालक कंपनी) एलएस घराण्यातलं नवं बसवणं; माझं एलएम७ त्यातलंच. घातले असतील. पण हे इंजिन जीएमने लाखोंनी बनवलं, भंगार गाड्यांच्या यार्डात आजही सहज मिळतं. इंजिनाचे वेगळे पैसे मोजायची गरज नाही. पैसे मोजायचे ते त्याच्या भोवतीच्या जोडकामाचे, आणि तिथेच बहुतेक गाड्या उघड्या पडतात.

आधी गाडीची जन्मपत्रिका पाहावी. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर व्हीआयएनची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची, पट्टी असते. १९७२च्या सी-१०मध्ये नंबर सीसीई१४२ असा सुरू झाला तर गाडी कारखान्यातूनच व्ही-८ घेऊन निघालेली. ई-च्या जागी एस असेल तर सहा सिलिंडरवाली. ग्लोव्हबॉक्सच्या झाकणाच्या आत एक स्टिकर असतो, त्यावर गाडीचे मूळ पर्याय छापलेले असतात. तो शाबूत असेल तर दुधात साखर. माझी एसवाली निघाली, म्हणजे मूळचं २५० क्युबिक इंचाचं, ११० हॉर्सपॉवरचं साधं इंजिन. ते गेल्याचं कुणाला सुतक नाही, गाडीची किंमतही त्याने पडत नाही. पण हीच गाडी मूळ ४०२ क्युबिक इंचाच्या बिग ब्लॉक या मोठ्या व्ही-८वाली शायेन सुपर, म्हणजे सी-१०ची सर्वांत वरची आवृत्ती असती, तर तेच काम करून मालकाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला असता. त्या गाडीला गिऱ्हाईक मूळ इंजिनासाठीच येतं. काढलेलं इंजिन गोदामात ठेवलंय असं विकणारा म्हणाला, तर ते सौद्यात मागून घ्यावं.

शॉर्टबेड महाग जाते, म्हणून लाँगबेड कापून शॉर्टबेड करणारेही आहेत. चाकांमधलं अंतर १२७ इंचांवरून ११५वर आणायचं, म्हणजे चेसिसमधला फूटभर तुकडा काढायचा. काम नीट केलं असेल तर चालते गाडी, पण भाव जन्मजात शॉर्टबेडचा देऊ नये. खाली झोपून वेल्डिंग बघावं.

खाली झोपलोच आहोत तर ऑइल पॅनही बघून घ्यावं. सिल्व्हराडोचं पॅन खोल असतं, सी-१०मध्ये ते क्रॉसमेंबरच्या, म्हणजे चेसिसच्या आडव्या पट्टीच्या, खाली लोंबतं. गाडीची उंची कमी करून ती खाली बसवलेली असेल तर पहिल्याच मोठ्या गतिरोधकाला फुटायची भीती. माझ्या गाडीत कमी उंचीचं पॅन घातलंय. करणाऱ्याने डोकं वापरलंय याची ती पहिली खूण.

दुसरी खूण स्टीम लाइनची. एलएसच्या हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) वाफ आणि हवा अडकू नये म्हणून वरच्या बाजूला बारीक भोक असतं. तिथून पेन्सिलीएवढी नळी रेडिएटरकडे किंवा वॉटर पंपाकडे न्यायची असते. घाईत काम उरकणारे तिथे सरळ बूच मारतात. काटा नॉर्मल दाखवतो, आणि आत हेडच्या एका कोपऱ्यात पाणी पोचत नाही. माझ्याकडे ती नळी व्यवस्थित आहे. भर उन्हात ट्रॅफिकमध्येही काटा २०० फॅरनहाइटच्या पुढे गेला नाही.

इंधनाचं काम मात्र अर्धवट. जुन्या इंजिनांच्या कार्ब्युरेटरला पेट्रोलचा ५ ते ७ पीएसआय दाब पुरतो, या इंजिनाला ५८ लागतो. आधीच्या कारागिराने कॉर्व्हेट या शेव्हरोलेच्या स्पोर्ट्स कारचा, दाब नेमका ठेवणाऱ्या रेग्युलेटरवाला फिल्टर वापरला, तो उत्तम. पण टाकी तीच जुनी ठेवली, सीटच्या मागे केबिनमध्ये, आणि पंप बाहेर चेसिसवर लावला. जुन्या टाकीत आतून आडोसे नाहीत. पाव टाकीच्या खाली पेट्रोल गेलं आणि डावं वळण जरा जोरात घेतलं की पेट्रोल एका बाजूला पळतं, पंप हवा ओढतो, इंजिन उचकी देतं. शिवाय उन्हात गाडी उभी राहिली की केबिनमध्ये वास. यावर उपाय एकच: बेडखाली नवी टाकी आणि पंप टाकीच्या आत. हा खर्च मी मागणीतून आधीच कापून घेतला होता. विकणाऱ्याचं तोंड वाकडं झालं, पण हिशेब त्यालाही कळत होता.

चालवायला गाडी झकास. ताशी ७० मैलांना इंजिन सव्वादोन हजार आरपीएमच्या आसपास फिरतं, कारण चौथा गिअर ०.७०चा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा आहे. जुन्या तीन गिअरच्या पेटीत याच ३.७३च्या डिफरन्शियलवर तोच वेग तीन हजारांच्या वर गेला असता. थंडीत किल्ली फिरवली की सुरू. ब्रेकचं म्हणाल तर १९७१पासून पुढे डिस्क कारखान्यातूनच येत. त्याआधीची गाडी चारही ड्रमवर आणि वर एवढं इंजिन, असं कॉम्बिनेशन असेल तर ब्रेकचा खर्च धरूनच बोलणी करावीत.

कागद फार महत्त्वाचे. इंजिन कुठल्या गाडीतून आलं त्याची पावती, वायरिंगचा नकाशा आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, पासवर्ड. शेवटची गोष्ट लोक विसरतात. ट्यून करणाऱ्याने ईसीयू कुलूपबंद केला असेल तर उद्या टायरचा आकार बदलला तरी त्याचेच पाय धरावे लागतात.

पावत्यांची बेरीज म्हणजे किंमत नव्हे. हौसेला मोल नसतं, ते दुसऱ्याच्या हौसेलाही लागू आहे. पाया धरावा तो चांगल्या पत्र्याच्या, मूळ इंजिनाच्या तशाच सी-१०च्या भावाचा. पुरं झालेलं काम त्यात थोडं मिळवायचं, अर्धवट राहिलेलं पूर्ण वजा करायचं. आणि पत्रा सर्वांत आधी: केबिनचे कोपरे, दारांखालची पट्टी म्हणजे रॉकर आणि छताच्या कडेची पन्हळ. पन्हळ गंजलेली असेल तर इंजिन कितीही गोड वाजू दे, मी पुढे बोलत नाही. इंजिन शनिवार-रविवारात काढता येतं, छताचं काम महिनोन्महिने चालतं.

विमा कंपनीशी आधीच ठरवलेल्या किमतीचा घ्यावा, नाहीतर नुकसान झाल्यावर कंपनी साध्या जुन्या ट्रकचा भाव पुढे करते. त्यासाठी फोटो आणि पावत्या लागतात. माझी टाकी पुढच्या महिन्यात बेडखाली जातेय. ते झालं की नवे फोटो पाठवून रक्कम वाढवून मागणार आहे.