२ टनी घडीची इंजिन क्रेन: जॅकवर खरा भार किती?

अंगावर छापलेला ‘२ टन’ फक्त बूम (क्रेनचा पुढे-मागे सरकणारा हात) पूर्ण आत असताना खरा. बूम आडवा, हूक बिजागरीच्या पिनपासून १.५ मीटरवर, बूमला खालून ढकलणारा जॅक ०.५ मीटरवर बूमशी ६०° कोनात आणि इंजिन ५०० किलोचं, म्हणजे ४.९ किलोन्यूटन, असं धरा. पिनभोवती मोमेंट (बल × पिनपासूनचं लंब अंतर, म्हणजे फिरवण्याचा जोर) घेतला की ४.९ × १.५ = जॅकबल × ०.५ × साइन ६०°. जॅकवर येतात १७ किलोन्यूटन, भाराच्या जवळजवळ साडेतीनपट! पिनवरही १३ किलोन्यूटन (बूमचं वजन सोडून), आणि हे बल बूमला खाली ओढतं. बहुतेक जण तेच विसरतात. जॅक दमदार आहे. पिन मात्र भोकात सैल बसते, भोक लांबट होणार ते तिथेच. बूम बाहेर काढल्यावर हूक पुढच्या चाकांपलीकडे गेला, तर क्रेन उलटू शकते.