ही-मॅनची कोणती गोष्ट आधी वाचायची?

दूरदर्शनवर ही-मॅनचं कार्टून बघत मोठे झालेले आपण आता घरातल्या मुलांसाठी त्याची पुस्तकं शोधतो आणि गोंधळतो. कारण पुस्तकांतले ही-मॅन दोन आहेत.

पहिला १९८२चा. मॅटेल कंपनीची ही-मॅनची खेळणी बाजारात आली तेव्हा कार्टून नव्हतंच. खेळण्यासोबत एक छोटी पुस्तिका मिळायची. अशा पहिल्या चार पुस्तिका डोनाल्ड ग्लट यांनी लिहिल्या आणि चित्रं काढली फिलिपिन्सच्या आल्फ्रेडो अल्काला यांनी. पानावर एकच चित्र, खाली चार-दोन ओळी. यातला ही-मॅन राजपुत्र नाही, आपली टोळी सोडून जंगलातून एकटा निघालेला योद्धा आहे. कार्टूनमध्ये ज्याचा ही-मॅन होतो तो राजपुत्र ॲडम नाही, तिथला गमत्या जादूगार ऑर्कोही नाही. शक्तीची तलवार दोन भागांत विभागलेली, आणि ते भाग जुळले तरच ग्रेस्कल किल्ल्याचं दार उघडणार. ही कल्पना थेट खेळण्यातली आहे. ही-मॅनची राखाडी तलवार आणि त्याचा शत्रू स्केलेटर याची जांभळी, दोन्ही अर्ध्याच. सपाट बाजू एकमेकींवर दाबल्या की एक अख्खी तलवार! मुलाच्या हातात हे घडतं तेव्हा गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

दुसरा ही-मॅन कार्टूननंतरचा. १९८३ मध्ये फिल्मेशन स्टुडिओची कार्टून मालिका आली, तिचे १३० भाग झाले, आणि पुढच्या पुस्तिकांतही राजपुत्र ॲडम आला. तोवर पानांची मांडणी कॉमिकसारखी झाली होती: चौकटी, बोलण्याचे फुगे, भरपूर पात्रं. गोष्टी वेगवान आहेत, पण बऱ्याचदा नव्या खेळण्याची ओळख करून देण्यापुरत्याच.

माझा कौल पहिल्या चारांना, निदान सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी तरी. मी भाच्याला इंग्रजी वाचून दाखवत नाही, चित्रावर बोट ठेवून मराठीत सांगते. अल्कालांच्या चित्रांत ते सहज जमतं. बारीक रेषांनी भरलेला किल्ल्याचा कवटीसारखा दर्शनी भाग बघताना तो स्वतःच विचारतो, ‘मावशी, आत कोण राहतं?’ मग गोष्ट आम्ही दोघं मिळून पुढे नेतो. फुग्यांच्या पानावर मात्र ‘हा काय म्हणतोय? आणि तो?’ यातच दमछाक होते. एक काळजी घ्या: ही चित्रं अंधारी आहेत, स्केलेटरचा चेहरा खरोखर भीतीदायक आहे. भित्र्या मुलाला रात्री झोपताना दाखवू नका.

स्वतः इंग्रजी वाचणाऱ्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मात्र नंतरच्या पुस्तिका खुशाल द्या. कार्टून पाहिलेलं असेल तर त्याला तिथे ओळखीचे चेहरे भेटतील, आणि चौकटींचा वेगही त्याला आवडेल.

विकत काय घ्यायचं? सुट्या जुन्या प्रती संग्राहकांसाठी ठीक. वाचायला डार्क हॉर्स या कॉमिक-प्रकाशकाने २०१५ मध्ये काढलेला एकत्रित संग्रह बरा. बाराशेहून जास्त पानं, जुन्या-नव्या दोन्ही तऱ्हा एकाच ठिकाणी. पण तो इतका जड आहे की मुलाच्या मांडीवर देता येत नाही. आम्ही तो जमिनीवर पसरतो, दोघं पालथे पडतो आणि सुरुवातीच्या पानांपासून सुरू करतो.