प्लांटनेट अ‍ॅप: विलायती बाभूळ ओळखायला कितपत भरवशाचं?

नागपूरच्या आसपास धुऱ्यावर, नाल्याकाठी, रिकाम्या प्लॉटवर जे काटेरी झुडूप माजतं, त्याला सगळे सरसकट बाभूळ म्हणतात. त्यात अमेरिकेतून आलेली विलायती कोणती आणि आपली गावठी कोणती, हे ठरवायला फोटोवरून झाड ओळखणारं प्लांटनेट कामाचं आहे, शिवाय फुकट. पाचपैकी साडेतीन तारे, तेही फोटो नीट दिला तर.

नुसत्या काट्याचा फोटो देऊ नका. विलायती, गावठी, चिचबिलाई (विलायती चिंच) या तिघींना काटे पानाच्या बुडाशी बहुधा जोडीनेच येतात. तिथं अ‍ॅप काय, माणूसही फसेल. (शमीचे मात्र फांदीवर विखुरलेले, बुडाशी रुंद.) हे पान, फूल, फळ की साल, असं अ‍ॅप विचारतं. ते बरोबर नोंदवा आणि एकाच झाडाच्या पानाचे, फुलाचे, शेंगेचे फोटो एकाच शोधात टाका. डहाळी पांढऱ्या कागदावर ठेवली की मागच्या गवताची लुडबुड होत नाही. लांबून काढलेल्या अख्ख्या झुडपाच्या फोटोवर येणारी जुळणीची टक्केवारी धरूच नका.

निकालात प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा दिसो की नेल्टुमा ज्युलिफ्लोरा, झुडूप तेच, विलायती बाभूळ. 2022 मध्ये शास्त्रीय नाव बदललं. गावठीलाही अशीच जुनी-नवी दोन नावं: अकेशिया निलोटिका म्हणजेच वाचेलिया निलोटिका.

मग पान हातात धरून ताडून बघा. विलायतीच्या पानाला फाट्यांच्या (मधल्या देठाला दोन्ही बाजूंनी फुटणाऱ्या, बारीक पानांच्या काड्या) सहसा एक-दोनच जोड्या, कधी तीन. गावठीला बहुतेक तीन ते सहा. चिचबिलाईच्या अख्ख्या पानात पर्णिका (पानातली छोटी पानं) चारच. फुलोरा असेल तर काम सोपं: विलायतीचा लांबट, हिरवट-पिवळा तुरा, गावठीचे पिवळेधमक गोल गोंडे. आणि शेंग मिळाली तर प्रश्नच मिटला. गावठीची दोन बियांमध्ये आवळलेली, माळेसारखी, वर राखाडी लव. विलायतीची बरीचशी सलग, पिकली की पिवळी, आत गोड गर. त्या गरापायीच शेळ्या-गुरं शेंगा खातात आणि शेणा-लेंड्यांतून बी रानभर पसरतं.

अ‍ॅप नाव सांगतं, पुढचं नाही. विलायती ठरली तर नुसती जमिनीलगत छाटू नका, पुन्हा झुबक्याने फुटते. बुंध्याच्या खालचा मुळाचा गड्डा खणून काढावा लागतो, आणि पावसाने जमीन मऊ झाली की ते काम हलकं जातं.