एमएस, एसएस, ॲल्युमिनियम : कोणत्या कामाला वेल्डिंगचा कोणता गॅस? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कोल्हापूरजवळ एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. एमएसमध्ये (माइल्ड स्टील, साधं पोलाद) ट्रॉलीच्या चासी, शेड आणि फर्निचरच्या फ्रेम, एसएसमध्ये (स्टेनलेस स्टील) डेअरीच्या टाक्या आणि पाइपिंग, शिवाय अधूनमधून ॲल्युमिनियम, असं मिश्र काम येतं. वेल्डिंग करताना वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून त्यावर गॅस सोडतात. पूर्वी एमएसला मिगवर (तार आपोआप पुढे सरकते ते वेल्डिंग) निव्वळ सीओटू (कार्बन डायऑक्साइड) आणि बाकी सगळ्याला टिगवर (टंगस्टनच्या न वितळणाऱ्या टोकाचं वेल्डिंग) शुद्ध आर्गन अशी सरळ विभागणी होती. पावसाळ्याच्या आधी त्यात दोन सिलिंडरांची भर घातली : ८० टक्के आर्गन आणि २० टक्के सीओटूचं मिक्स, आणि एसएसच्या मिगसाठी ९८ टक्के आर्गनमध्ये २ टक्के सीओटू. तेव्हापासून या चारही गॅसवर रोज काम चालू आहे.

आधी एमएसचं, कारण सगळ्यात मोठा फरक तिथेच दिसला. सीओटूवर चाप (आर्क, तार आणि धातूमधली विजेची ज्योत) थोडा आडदांड चालतो. तारेच्या टोकाला मोठा थेंब जमतो, तो पूलमध्ये (वितळलेल्या धातूत) आपटतो आणि शिंतोडे (स्पॅटर) उडतात. मिक्सवर तोच चाप शांत होतो, बीड (टाक्याची रेघ) सपाट बसते, कडा पत्र्यात छान मिसळतात. १.२ मिमी तारेला करंट अडीचशे अँपिअरच्या बराच वर नेला की थेंब बारीक होऊन फवाऱ्यासारखे जातात, आवाज बदलतो आणि स्पॅटर जवळपास थांबतो. निव्वळ सीओटूवर हे कितीही करंट दिला तरी होत नाही. मात्र बारीक तारेवर, पातळ पत्र्यावर शॉर्ट आर्कमध्येच (तार पूलला टेकत-सुटत, कमी करंटवर) काम चालतं, त्यामुळे तिथे फवाऱ्याची अपेक्षा ठेवू नका. तिथे फायदा आहे तो कमी स्पॅटरचा आणि पत्र्याला भोक पडायची भीती कमी होण्याचा.

गॅस बदलला की सेटिंगही बदलायचं, हे प्रत्येक वेल्डरला सांगून ठेवलंय. सीओटूवरून मिक्सवर येताना व्होल्टेज साधारण दोन-तीन व्होल्टने खाली आणावं लागतं, नाहीतर चाप लांबतो आणि कडेला अंडरकट (खाच) पडतो. दुसरं म्हणजे टॉर्च (हातातली वेल्डिंगची गन) जास्त तापते. टॉर्चवर लिहिलेलं अँपिअर बहुतेक वेळा सीओटूसाठीचं असतं आणि मिक्सवर तीच टॉर्च त्यापेक्षा कमी करंट सोसते. सलग लांब टाके मारायचे असतील तर मोठी टॉर्च घ्या.

आता पैशाचं. मिक्स महाग पडतं आणि त्याला कारण आहे. हवेत आर्गन एक टक्क्यापेक्षाही कमी, ०.९३ टक्के असतो. हवा द्रवरूप करून तो ऑक्सिजन आणि नायट्रोजनपासून वेगळा काढावा लागतो, आणि त्याचा उत्कलनबिंदू ऑक्सिजनच्या इतका जवळ आहे की काम सोपं नाही. सीओटू मात्र दुसऱ्या उद्योगांतून जोडउत्पादन म्हणून निघतो. मळीपासून अल्कोहोल बनवणाऱ्या डिस्टिलरीतही तो आंबवणीत तयार होतो. त्यात सीओटू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो, म्हणून ३० किलोच्या सिलिंडरमधून सुमारे १६ हजार लिटर गॅस मिळतो. आर्गनच्या ७ घनमीटरच्या सिलिंडरमध्ये ७ हजार लिटर. मिनिटाला १२ लिटर प्रवाह धरला तर चाप चालू असण्याचे दहा तासही भरत नाहीत.

तरीही फर्निचर आणि दिसणाऱ्या कामासाठी मी मिक्स सोडणार नाही. हेल्परचा स्पॅटर घासण्यातला वेळ, फ्लॅप डिस्क, नोझलमध्ये साचलेला कचरा आणि पेंटच्या आधीची सफाई, हे सगळं गॅसच्या बिलात दिसत नाही, पण खर्च तोच असतो. गॅसची तुलना सिलिंडरच्या दरावर करू नका, पेंटला तयार झालेल्या नगावर करा.

ट्रॉलीच्या चासीला मात्र आम्ही सीओटूच ठेवला आहे, आणि हा निर्णय निव्वळ स्वस्ताईचा नाही. सीओटूचं पेनिट्रेशन (धातूत खोल जाणारा वितळ) रुंद आणि गोल उतरतं, तर आर्गन जास्त असलेल्या मिक्सचं मध्यभागी बोटासारखं निमुळतं. जाड चॅनेलच्या कोपऱ्यात टॉर्च जराशी सरकली तरी सीओटूचा रुंद वितळ जोडाच्या मुळाला (तळाला) धरतो. चासी उसाचं वजन घेऊन खड्ड्यांतून जाणार असते, तिथे देखणेपणाआधी मुळाची पकड बघायची. थोडा गंज किंवा मिल स्केल (कारखान्यातून आलेला काळा थर) असलेल्या मालावरही तो बऱ्यापैकी निभावतो. तारेत मँगनीज आणि सिलिकॉन असतात, ते ऑक्सिजनला बांधून ठेवतात. सीओटूची एक सवय ठेवा : रेग्युलेटरला हीटर लावाच. गॅस पसरताना इतका गार होतो की रेग्युलेटर गोठतो आणि प्रवाह मध्येच तुटतो. आणि गेजवर विश्वास ठेवू नका. द्रव संपेपर्यंत दाब जवळपास तोच दाखवतो, म्हणून शिल्लक बघायची तर सिलिंडर वजन करूनच.

एसएसचा विषय माझ्या जास्त जिव्हाळ्याचा, कारण त्या टाकीत दूध जाणार असतं. ३०४एल किंवा ३१६एल या एसएसच्या ग्रेडमध्ये कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत ठेवलेला असतो, तो गंज लागू नये म्हणूनच. एल ग्रेडचे जास्तीचे पैसे मोजायचे आणि वर निव्वळ सीओटू किंवा ८०-२० वापरायचं म्हणजे चापातूनच जोडात कार्बन घालायचा. बाहेरून टाका ठीक दिसतो, पण पुढे जोडाच्या कडेने गंज धरतो. ९८-२ वर ही भीती राहत नाही, बीड स्वच्छ येते आणि २ टक्के सीओटूमुळे चाप स्थिरही राहतो. ‘आहे त्याच मिक्सवर एसएस ओढून घ्या’ असा सल्ला आम्हालाही मिळाला होता. खाण्यापिण्याच्या कामाला तो मी कधीच मानणार नाही.

पाइपिंग मात्र टिगवर आणि शुद्ध आर्गनवरच. टिगमध्ये सीओटूचा अंशही चालत नाही, टंगस्टन जळून जातं. पाइपच्या आतही आर्गन भरावा लागतो, नाहीतर मुळाच्या बाजूला काळी, दाणेदार पपडी धरते. तिच्यात दूध अडकतं आणि कितीही धुतलं तरी निघत नाही. आर्गन हवेपेक्षा जड आहे, म्हणून खालून सोडायचा आणि वरच्या बारीक छिद्रातून हवा बाहेर जाऊ द्यायची. मुळाचा रंग चंदेरी किंवा फिकट पिवळा आला तर काम चांगलं. निळा-काळा आला तर आत हवा राहिलीय. यात गॅस बराच जातो. तो खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहा, गिऱ्हाइकाला कारण समजावून सांगा. डेअरीवाल्यांना हे लगेच पटतं.

ॲल्युमिनियमला मिग असो वा टिग, शुद्ध आर्गन. एवढंच. हेलियम मिसळला की जाड मालात उष्णता जास्त मिळते, पण तो आपल्याकडे बहुतांशी आयात होतो आणि दर परवडत नाही. आम्ही जाड तुकडा आधी तापवून घेतो. ॲल्युमिनियमची खरी डोकेदुखी म्हणजे ओल. ओलाव्यातून आलेला हायड्रोजन वितळलेल्या धातूत सहज विरघळतो, धातू घट्ट होताना तो बाहेर पडायला बघतो आणि पिनहोल राहतात. कोल्हापूरच्या पावसात तारेचं बॉबिन मशीनवर उघडं ठेवून घरी जाऊ नका.

नवा सिलिंडर लावला की टिगने स्वच्छ एसएसच्या तुकड्यावर फिलर (भरायची तार) न घालता एका जागी चाप धरा आणि पोस्ट-फ्लो (चाप विझल्यावर थोडा वेळ येणारा गॅस) संपेपर्यंत टॉर्च हलवू नका. ठिपका चकचकीत राहिला तर गॅस ठीक. करडा-काळा झाला तर आधी जोडण्यांवर साबणाचं पाणी लावून गळती बघा, ती नसेल तर सिलिंडर परत पाठवा. एका पुरवठादाराचा एक सिलिंडर आम्ही असाच परत केला. आणि पिनहोल आले म्हणून प्रवाह वाढवत सुटू नका. ठरावीक मर्यादेपलीकडे गॅस घुसळतो आणि बाहेरची हवाच आत ओढतो. शॉर्ट आर्कला मिनिटाला १० ते १५ लिटर पुरतात. पंख्याचा झोत आधी बंद करा.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट. आर्गनला रंग नाही, वास नाही, आणि तो टाकीच्या तळाशी साचतो. आत उतरलेल्या माणसाला कसलीही चाहूल न लागता शुद्ध हरपू शकते. टाकीत माणूस असेल तर बाहेर दुसरा माणूस हवाच, ब्लोअर चालू हवा, आणि जेवणाच्या सुट्टीत टॉर्च आत ठेवायची नाही. सीओटूच्या चापात थोडा कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो, म्हणून बंद जागेत त्यावर काम नकोच.

एकच मिग मशीन आणि एकाच सिलिंडरची ऐपत असलेल्या, फक्त एमएस करणाऱ्या शॉपला मी आजही सीओटूच घ्यायला सांगेन. काम फर्निचरकडे झुकलं की ८०-२० घ्या. एसएसची पहिली ऑर्डर आली की आर्गनचा सिलिंडर आणि टिग, मग एसएसचं काम वाढल्यावर ९८-२.